काटेवाल्यांच्या घरचा काटा

चिमी जन्मली ती वेळेआधी, आणि एवढीशी, की सिस्टरने तिला तोलायला ठेवलं तेव्हा पारड्यात टॉवेलच जास्त दिसत होता. आकडा ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. वडील मात्र पुढे झाले, पारड्यावर एक बोट टेकवलं, सोडलं, काटा कुठे येऊन थांबतो ते पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतोय." म्हणजे मूल होतं त्याहूनही कमी. बाळंतिणीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"खरं बोलायला हीच वेळ सापडली का तुम्हाला?" हे वाक्य ती पुढे कित्येक वर्षं ऐकवत आली. त्यावर त्यांचं उत्तरही ठरलेलं होतं. "काटा खोटा होता, त्याला मी काय करणार?"

त्यांचा धंदा काटे दुरुस्त करण्याचा. बाजारात सगळे त्यांना काटेवाले म्हणत. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट, तिला शटर लावलेलं. आत भिंतीवर स्प्रिंगचे काटे लटकत, खाली पोती तोलायचे प्लॅटफॉर्म काटे, टेबलावर पोट फाडून ठेवलेले इलेक्ट्रॉनिक काटे, आणि कोपऱ्यात जाड कापडाखाली प्रमाण वजनं. लहान पितळी वजनांना ते उघडा हात लावत नसत. चिमट्याने उचलत, कापडाने पुसत, आणि एखादं नवजात मूल ठेवावं तसं डबीत ठेवत. बाजारातले व्यापारी त्यांना आडून विचारत, "काटेवाले, जरा आमच्याकडेही बघा की." ते म्हणत, "बघतोय ना. म्हणून तर दुसऱ्यांदा तपासतोय." त्यांनी तपासलेल्या काट्यावर गिऱ्हाईक वाद घालत नसे. एवढा सरळ माणूस धंद्यात फार पुढे जात नाही. तेही गेले नाहीत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या जिन्याला मधे एक वळण आहे आणि त्या वळणावर एक रुंद खिडकी. चिमी तिथे दम खायला टेकत असे आणि मी पुस्तक घेऊन तिथेच बसत असे, कारण घरात उजेड कमी. पुढची हकिगत मला त्या खिडकीत कळली. काही तिच्याकडून, काही तिच्या आईकडून, आणि थोडी, फारच थोडी, काटेवाल्यांकडून.

तर मुलगी जगली. जगली म्हटल्यावर घराने एकच ध्यास घेतला. हिला भरवायचं. गावातला एक जुना दवाखाना बंद पडला तेव्हा तिथला उभा काटा काटेवाल्यांनी उचलून आणला. खाली माणसाने उभं राहायची फळी, वर आडवी दांडी, दांडीवर खाचांतून सरकणारं एक वजन. माणूस उभा राहिला की ते वजन टक् टक् करत पुढे सरकवायचं आणि दांडी जिथे समतोल राहील तिथला आकडा वाचायचा. आठवड्यातून एकदा चिमी त्यावर उभी राही. आकडा वाढला की घरात आनंदीआनंद, आणि आनंद झाला की वाटीभर साय. साय खाल्ली की आकडा वाढे. हे चक्र इतकं सुरळीत चालायचं की त्यात कुठे तेलसुद्धा घालावं लागत नव्हतं.

आपल्या भाषेत लहान मुलाच्या लठ्ठपणाला लाडाचे शब्द रगड आहेत. तीन वर्षांची चिमी गुटगुटीत होती, सहाची झाली तेव्हा अंगाने भरलेली, आठची खात्यापित्या घरची. दहाव्या वर्षी आत्याने फतवा काढला, "हाडंच जड आहेत गं तिची, आपल्या आजीसारखी." मग मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की हे शब्द एकदम संपतात. पुढचे शब्द गल्लीतली पोरं पुरवतात. चिमी जिना उतरायला लागली की खालून आरोळी येई, "पळा रे, भूकंप!" तीही काही मुकी नव्हती. "भूकंपाला घाबरणारी घरं कच्ची असतात," असं म्हणून ती पुढे जाई. मग खिडकीशी येऊन बराच वेळ बाहेर बघत बसे.

अकराव्या वर्षी शाळेत सगळ्यांची वजनं घेतली. व्यायामाचे सर आकडा मोठ्याने ओरडत आणि एक मुलगी लिहून घेई. चिमीचा आकडा त्यांनी दोनदा ओरडला. लिहिणाऱ्या मुलीला वाटलं, सर चुकले. सगळा वर्ग हसला. मग सरही हसले.

चिमी घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. वेळेआधी जन्मलेलं पोर, एकेक घास मोजून वाढवलेलं. आईचा जीव टांगणीला लागला. काटेवाल्यांनी विचारलं, "कुठल्या काट्यावर घेतलं वजन?"

"शाळेच्या."

"तो चपटा, स्प्रिंगचा? अगं, त्याची स्प्रिंग कधीच गेलीय. मी त्यावर शिक्कासुद्धा मारला नसता. उद्या आपल्या काट्यावर बघू."

त्या संध्याकाळी चिमी आणि तिची आई आत्याकडे गेल्या असताना काटेवाल्यांनी घरच्या काट्याचं सरकतं वजन उघडलं. आतून ते पोकळ असतं. त्यात त्यांनी शिशाचे छर्रे भरले. सरकतं वजन असं जड केलं की ते थोडंसं सरकवूनही मोठा भार तोलला जातो, म्हणजे फळीवरचा माणूस असतो त्याहून हलका दिसतो. मग दांडीच्या मागच्या टोकाचा स्क्रू फिरवून रिकामा काटा पुन्हा शून्यावर आणला. काम इतकं नेटकं की दुसऱ्या कुणी ते केलं असतं, तर पकडायला काटेवाल्यांनाच बोलवावं लागलं असतं.

सकाळी चिमी फळीवर उभी राहिली. शाळेच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. ती दांडीकडे बघत राहिली, वडिलांकडे बघितलं, आणि हसली. मग जेवली.

काटेवाल्यांच्या मनात होतं, आठवड्याभरात छर्रे काढून टाकू. आठवडा झाला, मुलगी हसत होती. महिना झाला, ती शाळेत जात होती. काढायचे राहून गेले. वर्षभराने आकडा पुन्हा टोचण्याइतका वर चढला, तेव्हा त्यांनी काढले नाहीत, आणखी थोडे घातले. आणि पुढल्या वर्षी आणखी थोडे. बाजारातल्या एकाही माणसासाठी ज्याने कधी चार ग्रॅमची सूट दिली नाही, त्याने घरात सगळीच सूट देऊन टाकली.

चिमीच्या डोक्यात मात्र जगाची मांडणी पक्की झाली होती. बाहेरचे काटे खोटे, घरचा खरा. औषधाच्या दुकानातल्या यंत्राने काही भलताच आकडा छापून दिला की ती त्या दुकानदाराची कीव करी. "यांना बाबांकडे पाठवायला हवं," म्हणे. कपडे तंग होत होते, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण आरसा म्हणजे एक मत आणि काटा म्हणजे पुरावा, हे तिने वडिलांच्याच तोंडून ऐकलं होतं.

शरीर आपल्या परीने सांगत होतं. तिच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळसर, मखमलीसारखा पट्टा उमटला. आईने त्याला मळ ठरवलं आणि घासणीने घासून घासून मान लाल केली. पट्टा तसाच. ती घोरायची आणि मधेच एकदम गप्प व्हायची, मग धसकून श्वास घ्यायची. घरात त्याला इंजिन म्हणत. इंजिन स्टेशनात थांबलं, इंजिन सुटलं. वर्गात तिला डुलक्या लागत, त्याला शिक्षक आळस म्हणत. गुडघे दुखत, त्याला वाढीचं दुखणं म्हणत. पाळी दोन-दोन महिने येत नसे. आई म्हणे, "बरंच की, कटकट नाही." प्रत्येक गोष्टीला नाव होतं, पण त्यातलं एकही खरं नव्हतं.

सोळाव्या वर्षी एका मैत्रिणीने तिला सांगितलं, माझी मामी डॉक्टर आहे, चल एकदा, नुसतं दाखवून येऊ. चिमीने घरी विचारलं, "बाबा, जाऊ का?"

काटेवाले वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "कशाला? काट्यावर बघ ना आधी."

तिने बघितलं. गेल्या वर्षीपेक्षा अर्धा किलो कमी. मामीकडे जायचं राहिलं.

ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा तिला वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात काम मिळालं. काम खुर्चीत बसून, कानाला फोन लावून, लोकांच्या शिव्या ऐकण्याचं. तिची तयारी लहानपणापासूनच झाली होती. पण बसायच्या नोकरीलाही आधी उभं करून तपासतात, म्हणून तिला कंपनीच्या दवाखान्यात पाठवलं. जाताना खिडकीत भेटली तेव्हा खुशीत होती. "एकदा यांचा कागद हातात आला ना, की मी ठीक आहे हे माझं मलाच कळेल. मग कुणी काही बोलू दे." तिला काय हवं होतं, ते तिने मला तेव्हा इतक्या साधेपणाने सांगितलं होतं. आपण ठीक आहोत की नाही, एवढं एक पक्कं कळावं.

दवाखान्यातल्या काट्यावर ती उभी राहिली आणि सिस्टरने वाचलं, "एकशे अठरा."

चिमी म्हणाली, "तुमचा काटा बिघडलाय."

"नवीन आहे गं, गेल्याच महिन्यात आलाय."

"नवीनच जास्त बिघडतात. माझं वजन नव्वद आहे. कालच केलंय."

"घरच्या काट्यांचं काही खरं नसतं, बाळा."

हे ऐकल्यावर मात्र चिमी पेटली. "सिस्टर, माझे वडील काटे तपासतात. अख्ख्या बाजारातले. थांबा, त्यांनाच बोलावते. तुमचाही फायदा होईल."

तिने तिथूनच फोन लावला. काटेवाले म्हणाले, "कशाला वाद घालतेस? लिहू दे त्यांना काय लिहायचं ते. तू घरी ये."

"बाबा, तुम्हीच म्हणता ना, खोटा काटा दिसला आणि गप्प बसलो तर आपणही चोर. या तुम्ही. वजनं घेऊन या."

आतून डॉक्टरबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातात चहाचा कप. त्यांना या प्रकाराची गंमत वाटली असावी. म्हणाल्या, "येऊ देत. माझंही वाढलंय, त्या यंत्राचाच दोष निघाला तर आनंदच आहे."

काटेवाले आले. हातात एकच लोखंडी वजन होतं, वीस किलोचं. ते त्यांनी काट्यावर ठेवलं. पडद्यावर वीस उमटले, टिंबापुढचं शून्यही हललं नाही.

"बरोबर दाखवतोय," ते म्हणाले आणि वजन उचलायला वाकले.

"एका वजनाने काय होतं, बाबा?" चिमीच्या आवाजात अजून जिंकायचीच खात्री होती. "तुम्हीच सांगता, हलक्या भाराला सगळे काटे शहाणे असतात. पूर्ण भार घालून बघा."

ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग खाली गेले. गाडीत बाकीची वजनं होती. म्हणजे आणली होती, पण वर आणली नव्हती. दोन्ही हातांत एकेक धरून त्यांनी दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला चिमी मदतीला पुढे झाली आणि शेवटचं वजन तिनेच काट्यावर ठेवलं. वीस, चाळीस, साठ, ऐंशी. शंभर.

पडद्यावर शंभर होते.

सिस्टरने नजर कागदाकडे वळवली, हे तिचं मोठेपण. काटेवाल्यांनी खिशातून कापड काढलं आणि वरचं वजन पुसायला घेतलं. त्यांना तेव्हा खोटं बोलता आलं असतं का, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. यंत्र भाराखाली चुकतं, वीज कमी-जास्त होते, लादी वाकडी आहे. सांगायला पन्नास कारणं होती आणि तिथे ती ओळखणारं कुणी नव्हतं. पण प्रमाण वजनांसमोर त्यांची जीभ वळत नव्हती. ते म्हणाले, "काटा खरा आहे."

"मग आपला?"

ते वजन पुसत राहिले. पुसलेलंच पुन्हा पुसत होते.

"बाबा, आपला काटा?"

"जुना आहे तो," ते म्हणाले.

काटेवाल्यांच्या मुलीला एवढं कळत होतं. जुना काटा चुकतो तो कधी इकडे, कधी तिकडे. बारा वर्षं एकाच बाजूला, आणि तेही दर वर्षी थोडं जास्त, असा कुठलाही काटा आपल्या आपण चुकत नाही. ती बाजूच्या बाकावर बसली आणि चपलेचा पट्टा लावू लागली. तो लागलेलाच होता.

डॉक्टरबाईंनी तिला आत नेलं. वडीलही मागोमाग गेले, त्यांना कुणी नको म्हटलं नाही. बाईंनी मान पाहिली, रक्तदाब मोजला, दोनदा मोजला, बोटातून रक्त काढून साखर बघितली. मग प्रश्न सुरू झाले, आणि चिमीला आणखी एक गोष्ट समजत गेली.

"मानेवर हे कधीपासून?"

चिमी म्हणाली, "ते मळासारखं..." आणि थांबली.

"बाराव्या वर्षापासून," काटेवाले म्हणाले.

"घोरते?"

"हो. मधे श्वास थांबतो. मी उठून बसवतो कधी कधी."

चिमीने वडिलांकडे पाहिलं. तिला वाटायचं, आपल्याला स्वप्न पडून जाग येते.

"वजन शंभराच्या वर कधी गेलं असेल, काही अंदाज?"

"अठराव्या वर्षी. तेव्हा एकशे दोन होतं." त्यांनी एकेक वर्ष सांगितलं. तेराव्या वर्षी इतकं, पंधराव्या वर्षी इतकं. कुठे अडखळले नाहीत. सरकत्या वजनात किती शिसं आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दांडीवरचा खोटा आकडा पाहून खरा काढता येतो, आणि ते दर आठवड्याला मनातल्या मनात काढत आले होते. सगळं त्यांना पाठ होतं. जिच्या शरीराचे ते आकडे होते, ती बाजूच्या खुर्चीत बसून ते पहिल्यांदा ऐकत होती.

"शाळेत कधी कुणी डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

या वेळी मात्र उशीर लागला. "तेराव्या वर्षी. मला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, तपासण्या करा, आत्ता केलं तर सोपं जाईल."

"मग?"

"मी म्हटलं, बघतो."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिमीशी बोलल्या, आणि सरळ बोलल्या. साखर वाढलेली आहे, आणि लहान वयात येणारी साखर म्हातारपणी येणाऱ्या साखरेपेक्षा आडदांड असते. डोळे, मूत्रपिंडं, पायांच्या नसा यांवर ती लवकर हात टाकते. रक्तदाब चाळिशीतल्या माणसाचा आहे. यकृतावर चरबी असणार, सोनोग्राफी करू. झोपेत श्वास थांबतो तेव्हा हृदयावर ताण येतो. पाळीची गडबडही यातलीच. गुडघे झिजायला लागलेत. "मुलांचं शरीर फार सोसतं गं. तक्रार करत नाही, म्हणून लोकांना वाटतं, वाढीत निघून जाईल. बहुतेक वेळा जात नाही. मूल मोठं होतं आणि वजन त्याच्याबरोबर मोठं होतं."

"आता काही होणार नाही का?"

"होईल की. खूप होईल. औषधं आहेत, झोपेसाठी यंत्र आहे, आहार आहे, लागलीच तर शस्त्रक्रिया आहे. फक्त दहा वर्षांपूर्वी जे वळवता आलं असतं, ते आता धरून ठेवावं लागेल. आणि एक ऐक, हा काही तुझ्या जिभेचा गुन्हा नाही. आपण इथे दोष शोधायला बसलेलो नाही."

"तुम्ही नसाल बसलात," चिमी म्हणाली. "मी बसलेय."

कागदावर बाईंनी लिहिलं, कामासाठी योग्य. खुर्चीत बसायला ती योग्यच होती. ज्या कागदाकडून तिला आयुष्याचं उत्तर हवं होतं, त्यावर तेवढंच लिहायची सोय होती.

घरी आल्यावर आईला सगळं कळलं. मग तिच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं.

"म्हणजे, माझंही वजन?"

काटेवाले दाराकडे सरकले.

"मी त्याच काट्यावर उभी राहत होते ना! बायकांत सांगत आलेय मी, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एक किलो वाढले नाही म्हणून! बायका हसायच्या तेव्हा मला वाटायचं, जळतात!"

एरवी चिमी यावर पोट धरून हसली असती. त्या दिवशीही तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण तेवढंच. आई रडायला लागली. ती स्वतःसाठी रडत होती की मुलीच्या मानेवर फिरवलेल्या घासणीसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काटेवाले दाराशी उभे होते. म्हणाले, "तू जेवत नव्हतीस. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं तुझ्या. मी काय करायला हवं होतं?"

"तेव्हा मी अकरा वर्षांची होते, बाबा. तेव्हाचं सोडा. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी केलंत, मान्य आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "सोळाव्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, डॉक्टरकडे जाऊ का. तुम्ही म्हणालात, काट्यावर बघ."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाटलं असतं ना? की तुम्हाला?"

आईने डोळे पुसत मधे तोंड घातलं, "अगं, बाप आहे तो. वाईट का चिंतणार आहे तुझं?"

"वाईट चिंतणाऱ्यांचे आकडे खरे होते, आई. सर ओरडले ते खरं होतं. गल्लीतली पोरंही फार चूक नव्हती. ज्याच्यावर मी डोळे मिटून उभी राहिले, तोच एक खोटा होता." आणि मग, इतक्या वेळाने पहिल्यांदा, ती वडिलांकडे सरळ बघून म्हणाली, "कुंपणानंच खाल्लं की हो सगळं."

काटा त्याच संध्याकाळी घरातून गेला. काटेवाल्यांनी तो खोलून दुकानात नेला. त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही.

पुढचं वर्ष औषधांचं आणि शिस्तीचं. चिमी नोकरीला लागली. झोपताना तोंडावर मुखवटा लावून हवा देणारं यंत्र घरी आलं आणि इंजिन बंद झालं. दिवसा डोळे उघडे राहू लागले तेव्हा तिला कळलं की आपण आळशी कधीच नव्हतो. साय बंद झाली, सगळ्यांचीच, कारण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, एकटीच्या ताटाने काही होणार नाही, घराचं ताट बदला. साखर गोळ्यांनी आटोक्यात आली, पण सोनोग्राफीत यकृत जसं दिसायला नको तसं दिसलं, आणि उजव्या डोळ्याच्या पडद्यावर एक बारीकसा डाग सापडला. तो वाढू नये म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. तेविसाव्या वर्षी डोळ्याचा डाग. ती मला हे सांगत होती तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होती, आणि कुठला डोळा मिटून काय दिसतं ते करून बघत होती.

वडिलांशी तिने बोलणं टाकलं नाही. तसं झालं असतं तर काटेवाल्यांना सोपं गेलं असतं. चहा झाला का, किल्ली कुठे आहे, वीज आज जाणार आहे, हे सगळं ती त्यांच्याशी नीट बोले. आदरानेच बोले. पण काही विचारायचं झालं, आजाराचं, कामाचं, अगदी पाऊस येईल का एवढं जरी, तर ती आईला विचारी. आईला माहीत नसेल तर मला. मलाही माहीत नसेल तर विचारायचं सोडून देई.

महिन्यातून एकदा डॉक्टरबाईंकडे वजन बघायला जायचं असे. काटेवाले दुकान बंद करून तिला गाडीने नेत. ती आत जाई, ते बाहेर बाकावर थांबत. एकदा मलाही तिथे जवळच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून आम्ही एकत्र गेलो. आतून काट्याच्या यंत्राची बारीक शिट्टी ऐकू आली. ज्या माणसाने त्या गावातली बहुतेक प्रत्येक वस्तू तोलून पाहिली होती, तो माणूस मान थोडी पुढे काढून बंद दाराकडे बघत होता.

चिमी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"किती भरलं?" काटेवाल्यांनी विचारलं.

"डॉक्टरांना माहीत आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली गाडीची किल्ली घेऊन पुढे चालू लागली.